चौकोन नसलेलं बिल

६ ऑक्टोबर, सोमवार

वही, रागावू नकोस. पोळ्यापासून तुला हात लावला नाही. मनच नव्हतं. आज बसलो, कारण डोकं फुटायची वेळ आली.

कापसाच्या जिनिंग मिलमधून माझं बिल परत आलं. तेहेतीस वर्षं झाली, बाभुळगावच्या त्या जिनिंगमधल्या रोलरांच्या चामड्याला मी खाचा पाडतो. खाचा नीट नसल्या तर सरकीवरून कापूस सुटत नाही. पण बिल परत! हिशेबाला नवीन आलेल्या आभा मॅडम म्हणाल्या, "काका, यावर क्यूआर नाही. आता ई-इनव्हॉइस लागते. तो चौकोन असलेलं बिल आणा, नाहीतर यंदा काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

चौकोन! दिवाळी झाली की हंगाम सुरू. माझं काय होईल?

८ ऑक्टोबर

चौकोन तर घरातच होता! फोनवर पैसे घ्यायला बँकेनं दिलेला. पोरानं, अमरनं, पुण्याला जाण्याआधी दाराला चिकटवला होता. त्याची झेरॉक्स काढली, कापली, बिलावर खळीनं डकवली. अगदी मधोमध.

बायको तानाबाई म्हणाली, "मले नाही वाटत हा तो आहे म्हणून."

"तुले काय समजते त्यातलं?" म्हटलं. मला तरी कुठे समजतं.

९ ऑक्टोबर

तो नव्हताच.

मॅडमनी त्यावर फोन धरला. माझं नाव आलं, खाली 'रक्कम टाका'. सगळं ऑफिस हसलं. गेटवरचा हिरासिंग म्हणे, "बुढेबा, बिल आणलं का दानपेटी?" मग त्यानंच चहा पाजला. मॅडम हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

एसटीनं यवतमाळला गेलो. नरहर वकील जीएसटीचं पाहतात. बिल पाहून म्हणाले, "काका, तुमचा धंदा वर्षाले पाच कोटीच्या वर गेला का कधी?"

मी म्हटलं, "थट्टा कायले करता गरिबाची!"

"मग तुमाले ई-इनव्हॉइस लागतच नाही. साधं बिल चालते. मिलले तसं पत्र द्या, सही करून. बस."

बस! एका कागदासाठी आठ दिवस वणवण केली. मॅडमना हे माहीत नव्हतं? का मलाच कोणी सांगत नाही?

उठलो, तर बिलावरचा जीएसटी नंबर कॉम्प्युटरवर टाकून वकील म्हणाले, "रिटर्न कोण भरून राह्यलं तुमचं? दर तिमाहीचं वेळेवर आहे."

रिटर्न? नंबर अमरनं काढून दिला होता. पुढे काही भरायचं असतं हेच मला ठाऊक नाही! माझ्या नावानं कोणी खोटी बिलं तर फाडत नाही? वकील म्हणाले, आत जाऊन पाहू. पासवर्ड कुठे माझ्याजवळ! त्यांनी 'विसरलो' असं बटण दाबलं. ओटीपी गेला — शेवटी एक्केचाळीस असलेल्या फोनवर.

तो अमरचा नंबर. पत्र घेऊन निघालो.

१६ ऑक्टोबर

तीन दिवस विचार केला. भरतो तर अमरच. पण पुण्यात बसून त्याला माझी बिलं कळतात कशी? तानाबाईला विचारलं. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली,

"मी फोटू पाठवतो. दर महिन्याले."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी बिलबुकच कुलपात ठेवलं असतं."

ठेवलंच असतं. दोन वर्षांमागे अमर म्हणाला होता, "बाबा, हे काम चार वर्षांत बंद पडते, सोडा." मी म्हटलं, "मग तू हे घर सोड." त्यानं सोडलं. आणि ज्या कामासाठी मी त्याला घालवला, ते त्यानंच चालू ठेवलं!

राग तर आला. कोणाचा, ते मलाच कळेना.

१७ ऑक्टोबर

पत्र दिलं. मॅडमनी दोनदा वाचलं. "झालं काका. माझंच चुकलं. भाऊबीज झाली की या, पन्नास रोलर काढून ठेवले आहेत." काम वाचलं. हिरासिंगनं पेढा मागितला. मग देतो म्हटलं आणि घरी आलो.

१८ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

फोनवरचे मेसेज मी उघडत नाही. बँकेत सांगितलं होतं, फसवतात. आज तानाबाईनं उघडून हातात दिला. सोमवारचा, अमरचा मेसेज. ओटीपीचे सहा आकडे. खाली — "बाबा, तुम्हीच दाबलं असंन. दहा मिनिटंच चालते हा. खाचा पाडताना हात थरथरते का अजून?"

सोमवारचा! पाच दिवस तो तिकडे वाट पाहत असेल.

आता त्या आकड्यांची गरज नाही. फोन करवत नाही, मीच घालवलं ना त्याला. नवाच्या एसटीनं वकिलाकडे जातो. म्हणतो, ते बटण परत दाबा, म्हणजे अमरला परत ओटीपी जाईल. फोन हातातच धरून बसतो.

अमर, पाठव रे. लवकर पाठव.