पेन्शनचे पेढे

उदगीर, मंगळवार, दिवेलागणीनंतर

डाळ मिलच्या मालकांनी आज मशिनी थांबवून सगळ्यांना अंगणात बोलावलं. पगार वाढला, आणि या महिन्यापासून कंपनी पेन्शनचा वाटाही भरणार. "सगळ्यांना लागू," म्हणाले. टाळ्या झाल्या. तेव्हापासून तो एकच शब्द डोक्यात घोळतोय. सगळ्यांना?

पेन्शन लागायला दहा वर्षं भरणा व्हावा लागतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो थांबतो. मी बावन्नचा. हा नियम मला कुणी शिकवला नाही, मीच वाचून काढलाय. आजवर मिलनं काही भरलंच नाही, मग ती वर्षं धरणार कोण? माझं कापलेलं परत मिळेल फार तर. दर महिन्याची पेन्शन नाहीच.

हमाल गफूरभाईंनी पाठीवर थाप मारली. "लई नशीब काढलं मिस्त्री, आता बसून खा!" नियम सांगायला लागलो तर म्हणाले, "तुमचं हे असंच. गोडातबी खडा काढता." डाळ मिलमधल्या माणसानं खडा नाही काढायचा तर काय करायचं?

घरी आलो तर हिला बातमी आधीच कळलेली. शेजारी पेढेसुद्धा वाटून झाले होते. "आता पोराकडं हात पसरायचं काम न्हाई," म्हणाली. किती दिवसांनी अशी हसली. सांगणारच होतो, तर तिनं पेढा भरवला.

"म्हैन्याला किती मिळंल हो?"

मी आयुष्यात कधी मोघम उत्तर दिलं नाही.

"दोघांपुरतं मिळंल," म्हणालो.