तीन किलो दोनशे ग्रामचा खुलासा

भावनगर, वसंतपंचमी

पूज्य मोटाभाई,

भावनगरहून धाकट्या भद्राचे सादर जय श्रीकृष्ण. भाभींनाही सांगा. ठाकोरजींच्या कृपेने इकडे सारं बरं आहे. थंडी बरी आहे, तुरीच्या शेंगा यंदा गोड आहेत. तुमची प्रकृती विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, कारण नैरोबीहून फोनवर पाठवलेल्या अकरा मिनिटांच्या भाषणात तुमचं वजन एकाहत्तर आहे हे तुम्ही दोनदा सांगितलंत. तीस वर्षं एकाहत्तर! अभिनंदन. आमच्या शाळेच्या तिजोरीचं वजनही तीस वर्षं तेवढंच आहे, पण तिने कधी कुणाला उपदेश केला नाही. (पत्र का, फोन का नाही, असं विचाराल. फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्र वाचताना माणसाला गप्प बसावं लागतं.)

तुमच्या भाषणाचा गोषवारा असा: ज्ञातीमंडळाचे मंत्री किरीटभाई यांनी तुम्हाला कळवलं की भद्रा पुन्हा खायला सुटली, तीन किलो दोनशे ग्रामने वाढली आणि भर सभेत तिने तुमचं नाक कापलं. आता जिला स्वतःची जीभ सांभाळता येत नाही ती आपल्या आईला, बाला, काय सांभाळणार, तेव्हा बाला अहमदाबादच्या वृद्धाश्रमात ठेवावं. मागोमाग कुरिअरने फॉर्म. त्यावर तुमची सही आधीच केलेली, आणि माझी कुठे व्हावी तिथे पेन्सिलीने फुली. मोटाभाई, मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर चुकलेल्या मुलाला मी कधी मारलं नाही, पण कृती न दाखवता उत्तर लिहिणाऱ्याला वर्गाबाहेर उभं केलं. म्हणून कृती दाखवते. बसून वाचा.

दोन वर्षांपूर्वी मी एकशे सहा किलो होते हे तुम्हाला ठाऊक आहे (लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत तुम्हीच विचारलं होतंत, खुर्ची मजबूत आहे ना म्हणून). साखर वाढली, डॉक्टर ओरडले, मी बेसनाचा तळलेला गाठिया सोडला. भावनगरात राहून गाठिया सोडणं म्हणजे काय हे नैरोबीत बसून कळायचं नाही. इथे सकाळी दार उघडलं की वास न विचारता आत येतो. रोज पहाटे बोरतळावाला फेऱ्या, संध्याकाळी खिचडी आणि पातळ कढी, अशी दोन वर्षं काढली. दिवाळीला काटा त्रेसष्टवर आला. त्रेचाळीस किलो गेले. मग ज्ञातीला माझा पुळका आला. ज्या बायकांनी जन्मभर पाठीमागे मला गोदाम म्हटलं, त्या आता समोर येऊन 'अरेरे, चेहरा किती उतरला, काही आजारबिजार नाही ना?' असं विचारू लागल्या. त्यांना काही दिलं तरी चालत नाही, जाडही नको आणि बारीकही नको. तुम्हीही खूश झालात, आणि बहीण जितके किलो उतरली तितका गूळ पांजरापोळातल्या गायींना, असं तिकडून जाहीर करून टाकलंत.

पण दिवाळीनंतर एके सकाळी बाला पलंगावरून खुर्चीवर घ्यायला गेले आणि बा उचलेना. एकशे सहाची होते तेव्हा तिला मी घडी केलेल्या दुलईसारखं उचलायचे. आणि बा केवढी? दिवाळीत डॉक्टरांकडे भरली चाळीस. म्हणजे माझ्या अंगातून एक अख्खी बा आणि वर तीन किलो निघून गेले होते, आणि उरलेल्या मला खरी बा उचलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, चरबी गेली तिच्याबरोबर मांसही गेलं. आता वजनं उचला, नाहीतर उद्या तुम्हालाच उचलावं लागेल. (कामाला ठेवलेल्या दोन्ही बायांना बाने तिसऱ्या दिवशी पळवलं, हे तुम्हाला कळवलं होतं. एकीला चावली.) वृद्धाश्रमाचं तुम्ही पहिल्यांदा काढलंत ते तेव्हाच, आणि मी म्हटलं होतं, मला दोन महिने द्या, बा याच घरात राहील. ते दोन महिने मी गाठिया खाण्यात घालवले असं तुमचं आणि किरीटभाईंचं म्हणणं.

मी घोघा सर्कलजवळच्या जिममध्ये नाव घातलं. वय एकसष्ट, अंगात पंजाबी ड्रेस, कपाळाला चंदन. आत सगळी बाविशीची मंडळी आरशासमोर स्वतःचा दंड स्वतःच चाचपत उभी. शिकवणारे हरपालसिंह जाडेजा पोलिसातून निवृत्त झालेले. मिशा अशा की नमस्कार करायचा तर आधी त्यांना करावा. सगळे त्यांना बापू म्हणतात. मी सांगितलं, बापू, मला सुंदर व्हायचं नाही, माझी बा उचलायची आहे. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. कोपऱ्यातलं रिकामं पोतं काढलं, त्यात दहा किलो बाजरी घातली आणि म्हणाले, 'दर आठवड्याला थोडी थोडी वाढवू. चाळीस किलोंचं पोतं ज्या दिवशी बाकावरून खुर्चीवर जाईल ना बेन, त्या दिवशी पेढे माझ्याकडून.' तीस वर्षांत ज्ञातीमंडळात मी इतकं सरळ बोलणं ऐकलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात काटा चौसष्ट म्हणाला, चौथ्यात पासष्ट, सहाव्यात सहासष्ट किलो दोनशे ग्राम. मी घाबरले, खोटं कशाला सांगू? दोन वर्षं ज्याच्यासमोर पहाटे अनवाणी उभी राहिले, त्या काट्याने असं तोंड फिरवावं! आणि मूर्खासारखं मी ते शेजारच्या मुक्ताबेनला सांगून बसले. मुक्ताबेनला सांगणं म्हणजे चौकात फलक लावणं. संध्याकाळपर्यंत निकाल लागला की भद्राबेन चोरून खातात. मला गाठियाच्या दुकानाजवळ पाहणारे सात साक्षीदार निघाले (दुकान माझ्या घराच्या वाटेवर आहे, मी काय उडून जाऊ?). बापूंना विचारलं तर ते हसले. 'बेन, मूग भिजत घालता ना? सकाळी दुप्पट होतात. म्हणजे काय ते रात्री उठून जेवले? सुकलेल्या अंगाला काम लावलंत, ते पाणी धरणार, दुखणार, भरणार. काट्याला पाणी आणि पाप यातला फरक कळत नाही. कंबर मोजा.' मोजली. सलवारीची नाडी चार बोटं आत आली होती, आणि कुडत्याची बाही दंडाला घट्ट होत होती. वजन वाढलं आणि मी बारीक झाले. हे ज्ञातीमंडळाला शिकवायचं तर मला आणखी छत्तीस वर्षं नोकरी करावी लागेल.

आता किरीटभाई. पांढरा सफारी, खिशाला तीन पेनं, तिन्ही कोरडी. गूळ नुसता गायींना गेला तर त्यांचा फोटो कसा निघणार? म्हणून त्यांनी स्नेहमिलनात व्यासपीठावर माझी गूळतुला ठरवली. एका पारड्यात मी आणि त्रेचाळीस किलो गूळ, दुसऱ्यात एकशे सहा किलो, म्हणजे जुनी भद्रा. दांडी सरळ राहिली की टाळ्या. सोहळ्याच्या दहा दिवस आधी ते माझं वजन विचारायला आले आणि मी खरं सांगितलं. ते मटकन खाली बसले. 'भद्राबेन, बॅनर छापून आलाय! त्रेचाळीस लिहिलंय, सोनेरी अक्षरांत!' मग तोडगाही त्यांनीच काढला, 'दहा दिवस ते पोतंबितं बंद. नुसतं लिंबूपाणी. रविवारनंतर हवं तेवढं फुगा, कोण विचारतंय?' आणि मोटाभाई, मी हो म्हटलं. मला याची लाज वाटते. बॅनरला भ्याले, तुमच्या नाकाला भ्याले. चार दिवस लिंबूपाणी आणि मुगाचं पाणी. दोन किलो चारशे उतरले. किरीटभाई फोनवर 'वाह' म्हणाले. पोत्याच्या सरावाने एव्हाना बा पुन्हा उचलता यायला लागली होती, पण पाचव्या सकाळी तिला उचललं, अर्ध्यावर माझ्या हातातलं बळ गेलं, आणि तिला अंगावर घेऊन मी पलंगाला टेकत जमिनीवर घसरले. फोन स्वयंपाकघरात. मला उठता येईना, तिला तर येतच नाही. मी रडायला लागले. बा म्हणाली, 'भदी, ती टोपली ओढ. बसलोच आहोत तर शेंगा तरी सोलू.' दीड तास आम्ही दोघी जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. दहाला मुक्ताबेन फुकटचा पेपर वाचायला आल्या तेव्हा सुटका झाली. त्या दुपारी मी बाजरीचे तीन रोटले खाल्ले, वर तूप, वर गूळ, आणि संध्याकाळी बापूंकडे गेले. किरीटभाईंना निरोप पाठवला की आहे तशी बसेन.

रविवार उजाडला. काटा आणला होता कांद्याच्या यार्डातून, आणि दुसऱ्या पारड्यात घालायला काही मिळेना म्हणून तिथल्याच कांद्याच्या दोन गोण्या. वैष्णवांच्या व्यासपीठावर, ठाकोरजींच्या तसबिरीसमोर, कांदे! पहिल्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांनी नाकाला उपरणी लावली, तेव्हा किरीटभाईंनी गोण्यांना एक बांधणी नेसवली. मी पारड्यात बसले आणि पारडं धपकन खाली टेकलं. बायकांच्या बाजूने कुणीतरी 'गाठिया!' म्हणालं आणि हशा पिकला. किरीटभाईंनी मागून हात घालून माझ्याजवळचा गुळाचा एक तीन किलोंचा रवा हळूच काढून घेतला. दांडी सरळ झाली. टाळ्या, फोटो. मोटाभाई, तुमच्या नाकासाठी त्यांनी गायींच्या तोंडचा गूळ काढला, आणि मला ते सहन झालं नाही. मी उठून उतरले. मी उतरल्यावर काय होणार हे तिसरीतल्या पोराला कळतं, समितीला कळलं नाही. माझं पारडं गेलं वर, समोरचं आदळलं खाली, गोण्या उसवल्या आणि एकशे सहा किलो कांदे पहिल्या रांगेकडे निघाले. सत्तरीचे वडीलधारे टणाटण खुर्च्यांवर चढले. ज्यांच्या गुडघ्यांसाठी गेल्या वर्षी मंडळाची यात्रा रद्द झाली होती, तेच हे. मी किरीटभाईंच्या हातातून रवा घेतला. समितीच्या सातही जणांना तेवढ्यात पाठदुखी सुरू झाली, म्हणून सगळाच्या सगळा त्रेचाळीस किलो गूळ टेम्पोत मी चढवला. एवढं मात्र किरीटभाईंनी तुम्हाला कळवलेलं दिसत नाही.

तर उत्तर असं. वजन वाढलं आहे, आणि तीन किलो दोनशे ग्राम माझ्या कष्टाचे आहेत. गेल्या सोमवारी बाजरीचं पूर्ण पोतं खुर्चीवर गेलं आणि बापूंनी पेढे वाटले. मी एक खाल्ला, हे मुक्ताबेनच्या आधी मीच कळवते. बाला आता मी रोज दोनदा उचलते, सकाळी खुर्चीवर आणि संध्याकाळी ओसरीवर. अहमदाबादला कुणी जाणार नाही.

भाभींना नमस्कार. तुमचा लोभ एकाहत्तरवर न अडकता थोडा वाढावा.

तुमची, वाढलेली,
भद्रा

ता. क. फॉर्म परत पाठवत नाही. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर बाच्या औषधांच्या वेळा लिहून भिंतीला चिकटवला आहे. कागद चांगला जाड आहे.

ता. क. भाभींनी पाठवलेला वजन उतरवायचा चहा मुक्ताबेनला दिला. त्यांची फक्त झोप उतरली.

ता. क. हे लिहायचं नव्हतं. काल पत्र बाला वाचून दाखवत होते, ती मध्येच झोपली. उचलून आत नेताना वाटेत काटा होता, त्यावर तिला घेऊन उभी राहिले. शंभर किलो चारशे. त्यातून माझे सहासष्ट दोनशे वजा करा. मी तीनदा केले, चौतीस दोनशेच येतात. दिवाळीत चाळीस होती. डॉक्टर म्हणतात आजार नाही, वय आहे. दोन घास खाते आणि ताट सरकवते. वर मी माझ्या ताकदीची एवढी फुशारकी मारली, आणि ताकद आली आहे हे खरं. पण ती रोज हातात हलकी लागत होती ते सगळं माझ्या ताकदीने नव्हतं. मला भीती वाटते, मोटाभाई. होळीला येऊ म्हणता, तोवर थांबू नका. तिकीट मिळेल त्या दिवशी या. उचलायला मी आहे.