पेंढ्यात घातलेल्या स्ट्रॉबेऱ्या

२ ऑक्टोबर १९७७, मारुंजी

सगळं बदललं ते जानेवारीत, कॉलेजच्या महाबळेश्वर सहलीत. नीलिमानं करंडीतली एक स्ट्रॉबेरी देठाला धरून माझ्यापुढं केली. "तुमच्या मारुंजीत येईल का रे हे?" मी म्हणालो, "आणून दाखवतो." तिनं चेष्टा केली होती. मी शब्द दिला होता.

पुढच्याच महिन्यात वर्गातला एकजण तिच्यावरून मला 'गावठी हिरो' म्हणाला. त्याच्या कानाखाली वाजवली. प्राचार्य माफी माग म्हणाले, नाही मागितली. कॉलेज सुटलं.

आज तीनशे रोपं आली. एसटीच्या टपावरून, ओल्या गोणपाटात. विहिरीकडच्या वाफ्यात लावली. आई पाणी घालत होती, आबा बांधावर उभे. म्हणे, "रोपं आली यष्टीनं. म्हाबळेश्वरची थंडी कुठल्या गाडीनं येनार हाय?"

१९ नोव्हेंबर

शंभरावर रोपं गेली. आबांनी भोसरीला भीमराजमामाच्या वर्कशॉपात माझ्यासाठी शब्द टाकलाय. "हेल्पर म्हून घेत्यात. कालिजात गेलेलं पोरगं, शोभंल का तुला, ते तूच बघ." ताट सारून उठलो.

नंतर भूक लागली. मागायची लाज वाटली.

८ जानेवारी १९७८

पिकल्या! नऊच — पण लाल. रुमालात बांधून सायकलवर चिंचवड गाठलं.

नीलिमानं दारातच एक खाल्ली. एक डोळा मिटला. "आंबट आहे रे." मग दुसरी खाल्ली. मग तिसरी.

आतून तिचे वडील, पेपर खाली न घेता — "अनंत का? हल्ली काय करतोस?"

"शेती."

"शेती करतोस, की शेतात बसतोस?"

चहा न घेता निघालो. वाकडपर्यंत कान तापलेले होते. त्या माणसाला अख्ख्या जन्मात एक मुळा तरी पिकवता आलाय का? पण तिसरी खाल्ली तिनं. कुणी न सांगता.

२३ जानेवारी

नीलिमाची धाकटी बहीण चित्रा स्टेशनजवळ भेटली. मुद्दाम थांबली होती. "ताईचा निरोप आहे. रविवारी दोन करंड्या आण. तुझ्याच शेतातल्या हव्यात."

"कशाला?"

"पाहुणे येणारेत. ताईला बघायला. मुलगा बंगलोरला असतो. पण ऐक ना, बाबांनी—"

मी सायकलवर टांग मारली. बाबांनी काय केलं ते मला ऐकायचं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या बशीत मी फळं मांडायची! वर तिचाच निरोप!

लांबून ओरडलो, "आणतो म्हणावं." का ओरडलो, देव जाणे.

२६ जानेवारी

वाफा तीनदा पाहिला. लाल झालेल्या अकरा. बाकी बहुतेक पांढऱ्या, कुठं गालावर जरा गुलाबी. रविवारला तीन दिवस.

आई म्हणाली, "अढी घाल की. आंबा पिकतोय, केळं पिकतंय, हिलाच काय धाड भरलीय?"

आबा हसले. "तान्हं बाळ हाय ते, गुदमरंल." आणि जरा वेळानं स्वतःच गंजीतून भाताचा पेंढा उपसून घेऊन आले. हिरव्या बारक्या तेवढ्या सोडून मी सगळ्या खुडल्या. एक थर पेंढा, एक थर फळ. वर गोणपाट. आबांनी कडा दाबून घेतल्या, हापूस असल्यासारख्या.

२७ जानेवारी

उघडायचं नाही म्हणते आई. ऊब जाते.

२८ जानेवारी

उघडलं. आंबूस वास. पांढऱ्या होत्या त्या पांढऱ्याच, फक्त मऊ पडलेल्या. खालच्या थराला राखाडी बुरशी. अकरा लाल होत्या त्यांचा लगदा.

आबांनी एक बोटांत दाबली, हात धोतराला पुसला. "ह्ये झाडावरच पिकनारं हाय. आमाला तरी काय ठावं." टोमणा नाही मारला. तेच सोसलं नाही.

दुपारी पुण्याला मंडईत गेलो. महाबळेश्वरच्या दोन करंड्या घेतल्या.

२९ जानेवारी, रविवार

पाहुणे आत बसलेले. नीलिमा दारात आली. साडीत कधी पाहिली नव्हती. करंडीवरची पानं सारून तिनं एक उचलली, उभ्यानंच खाल्ली. डोळा मिटला नाही.

"गोड आहे," म्हणाली. शिवी दिल्यासारखी.

मागून तिचे वडील आले. करंडीत वाकून पाहिलं. "तुझ्याच ना?"

"हो."

"तुझ्या शेतातल्या?"

"माझ्याच म्हटलं ना!"

ते वळून पाहुण्यांकडे गेले. नीलिमा करंड्या घेऊन आत गेली.

३० जानेवारी

आबांना म्हणालो, जातो भोसरीला. ते म्हणाले, "बरं." आईनं वळकटी बांधायला घेतली.

१ फेब्रुवारी

सकाळीच चित्रा. एकटी, बसनं, आमच्या गावात! ताईनं होकार दिला म्हणाली. वैशाखात लग्न.

"त्या दिवशी ऐकून तरी घ्यायचंस. ताई बाबांशी भांडली होती तुझ्यासाठी. बाबा म्हणाले, त्यानं स्वतः पिकवलेल्या दोन करंड्या आणू देत, मी पाहुण्यांना उत्तर द्यायचं थांबवतो, त्याला आत बसवून बोलतो. दोन नसत्या तरी चाललं असतं. आंबट असत्या तरी. करंडी मंडईतली, हे बाबांनी वर घातलेल्या महाबळेश्वरी पानांवरूनच ओळखलं. आणि तू दोनदा हो म्हणालास."

वाफ्यात तेव्हा हिरवी म्हणून सोडलेली सात फळं आहेत. अर्धी पांढरी. खुडून रुमालात बांधली. आई म्हणते, "आता कशापायी?"

तिला काय सांगू. तारीख ठरलीय. भोसरीची आजची बसही चुकेल. पण माझी म्हणून जी आहेत, ती एकदा नीलिमाच्या वडिलांच्या टेबलावर ठेवून येतो.

वही फडताळात टाकतो. निघालो. दार ओढून घेतो.