न ओरडण्याची पद्धत

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही, कारण बाबांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून हा कागद. डॉक्टरांनी त्यांचा पाय तपासला. रक्तवाहिनी आक्रसत चालली आहे. सिगारेट थांबली तर पाय वाचेल, नाहीतर गुडघ्याखाली कापावा लागेल, असं स्पष्ट सांगितलं. बाबांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायरीवरच एक पेटवली.

मी सकाळ-संध्याकाळ ओरडतो. पालथ्या घड्यावर पाणी. तू व्यसनमुक्ती केंद्रात बसून लोकांच्या बापांना सुधारतेस, आता आपल्या बापाचं काय करायचं ते सांग.

तुझा,
गॅरेजवाला भाऊ

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी ओरडणं बंद कर. आपण सोडा म्हटलं की माणूस न सोडण्याची कारणं शोधतो, हे मी केंद्रात रोज बघते. आमच्या पद्धतीत सल्ला द्यायचा नसतो. विचारायचं, ऐकायचं आणि त्यांचंच म्हणणं त्यांना परत ऐकवायचं. सोडण्याची कारणं त्यांच्याच तोंडून यायला हवीत.

सिगारेट सोडणं त्यांना शून्य ते दहात किती महत्त्वाचं वाटतं ते विचार. जो आकडा सांगतील, त्याहून कमी का नाही, असं पुढे विचार. आणि घाई करू नकोस. लहानपणी तू बोटांनी कळ्या उलगडून फुलं करायचास, ते मी विसरलेले नाही.

तुझीच,
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पद्धत तुला लखलाभ. बाबा म्हणाले, चार. मी विचारलं, चारच का, दहा का नाही? त्यावर त्यांनी सिगारेटची बाजू अशी मांडली की वकिलाने फी द्यावी. तिच्यामुळे पोट साफ राहतं, डोकं चालतं, दुपार सरते, आणि सिगारेट ओढत नव्वदी गाठलेला कुणी एक मित्रही त्यांना आठवला. मी सगळं ऐकून घेतलं आणि शहाण्यासारखं त्यांना परत ऐकवलं. त्यांना ते इतकं पटलं की लागोपाठ दोन ओढल्या.

माझ्याकडे गाडी आली की दुरुस्त व्हावंसं वाटतं का, असं मी तिला विचारत बसत नाही.

तुझा,
धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे दीडशहाण्या, उलटं विचारलंस. दहा का नाही म्हटलं की माणूस सिगारेटची वकिली करतो, दोन का नाही म्हटलं की पायाची. पुन्हा विचार. आणि काहीही म्हणाले तरी आवाज चढवू नकोस.

तुझी,
ताई

२९ जानेवारी

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

हे पत्र धाकट्याला कळू देऊ नकोस. घरातलं ओरडणं थांबलं आहे. तो माझ्याजवळ येऊन बसतो आणि मी म्हणेन त्याला मान हलवतो. काल त्याने विचारलं, चार का, दोन का नाही. मी म्हटलं, मला न्हाणीघरापर्यंत माझ्या पायांनी जायचं आहे, तुझ्या खांद्यावरून नाही. तेच वाक्य त्याने हळू आवाजात पुन्हा म्हटलं. चिडला नाही. तेव्हाच मी काय ते समजलो.

तुझ्या आईशी मी जन्मभर भांडलो. तिचं दुखणं हाताबाहेर गेलं, तेव्हापासून मात्र तिच्या प्रत्येक शब्दाला हो म्हणत गेलो. मागेल ते खाऊ दिलं. ती काय समजायची ते समजली होती.

मला भीती वाटते आहे, पोरी. डॉक्टरांनी मला न सांगता त्याला काय सांगितलं? आता काहीच उपयोग नसेल, तर उरलेल्या सिगारेटी तरी सुखाने ओढू दे.

तुझे,
बाबा

१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडले. डॉक्टरांनी तुमच्यापासून काहीही लपवलेलं नाही. पाय वाचण्यासारखा आहे. धाकट्याला गप्प मी बसवलं होतं. ती आमच्या केंद्राची पद्धत आहे आणि परक्यांना ती चांगली लागू पडते. आपल्या घरात शांततेचा अर्थ काय होतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

म्हणून आज शिकलेलं सगळं बाजूला ठेवते. सिगारेट सोडा. हे विचारत नाही, सांगते आहे. पाकीट आजच्या आज धाकट्याच्या हातात द्या. रविवारी मी येते आहे. तुमच्या शर्टाला वास आला तर शेजारपाजार न बघता दारातच तोंड सोडीन. धाकट्यालाही ओरडायला मोकळीक दिली आहे. बिचाऱ्याला जेवण जात नव्हतं.

लोभ असावा, आणि तो करायला तुम्ही असावं.

तुमची,
थोरली