अब्बांच्या फियाटचा डॅशबोर्ड

४ एप्रिल

केलीच सुरुवात! ईदचे पाहुणे गेले, शेवयांचं पातेलं घासून पालथं पडलं, आणि आमच्या साहेबांनी शेडमधल्या फियाटवरची ताडपत्री ओढली. साहेब म्हणजे इकबाल, माझा नवरा. इथे साहेब म्हणायला काय जातंय, तोंडावर 'अहो'च्या पुढे माझी मजल नाही.

गाडी अब्बांची, सासऱ्यांची. ते गेल्या पावसाळ्यात गेले. साहेब तेव्हा कुवेतला, सुट्टी मिळाली नाही, मातीला पोचता आलं नाही. आता महिन्याभरासाठी आलेत आणि आल्यापासून त्या गाडीभोवतीच घुटमळतात. मी काही विचारलेलं नाही.

गाडीचे दिवे लागत नाहीत, हॉर्न वाजत नाही. आतली वायरिंग उंदरांनी खाल्ली. दिवे-हॉर्न चालल्याशिवाय पेणला आरटीओत पासिंग होणार नाही, आणि पासिंग नाही तर गाडी भंगारात. त्या वायरींपर्यंत पोचायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लागतो म्हणे. तमीम म्हणाला, मेकॅनिकला देऊन टाका. (तमीम आमचा लेक, डोलवीला कंपनीत आहे.) साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

५ एप्रिल

आज वाटेत तिघांनी ह्यांना विचारलं — कधी जाणार? आमच्या वरसे गावात बाहेरून आलेल्या माणसाशी सलाम झाला की दुसरा प्रश्न हाच. बस नाही, चहा घे नाही. कधी जाणार! मला असा राग येतो!

तिकीट कंपनीने पाठवलंय, चार मेचं. तिकडे गेलं की नव्या करारावर सही, म्हणजे परत दोन वर्षं. लग्नापासून हेच चाललंय. मला एकदा विचारायचंय — नाही गेलात तर? तोंड उघडत नाही.

७ एप्रिल

"सुरैय्या, टॉर्च धर गो!" शिवण क्लासच्या मुलींना तुरपाईला बसवून गेले.

बॅटरीची वायर आधीच सोडलेली. स्टिअरिंगचं चाक निघालं, समोरचा कप्पा निघाला. काचेखालचे स्क्रू गंजून घट्ट बसलेत. साहेब त्यांना तेल पाजतात, थांबतात, परत पाजतात. एवढा धीर माझ्याशी बोलताना कधी दिसला नाही.

मागे वायरींचं हे जंजाळ! कुठली कुठे जाते ते कळावं म्हणून ह्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. घामाने आणि तेलाने संध्याकाळपर्यंत सगळ्या गळून पडल्या. साहेब डोक्याला हात लावून बसले. मग मी माझी रिळं आणली. हॉर्नच्या वायरीला दोऱ्याची एक गाठ, डाव्या दिव्याच्या दोन, उजव्याच्या तीन. वायर जिथे बसते तिथेही तेवढ्याच. मागच्या बाजूला डोळा पोचत नाही पण बोटं पोचतात, काजं करून करून मला ते ठाऊक आहे. साहेब बघत राहिले. कुवेतमध्ये कुणाला हे सुचलं नसतं, म्हणाले. मी फुगून गेले!

८ एप्रिल

डॅशबोर्ड बाहेर! दोघांनी दोन टोकं धरली आणि अलगद उचलला. कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते गाडी. खूप हसलो. एवढं दोघं मिळून शेवटचं कधी हसलो होतो, आठवत नाही.

११ एप्रिल

डॅशबोर्डला आडवी चीर आहे, रंग उडालाय आणि मीटरवरचे आकडे पुसट. म्हणून आज पेणला नेला, माझ्या जुन्या चादरीत गुंडाळून, एसटीने. कंडक्टर म्हणाला ह्याचं तिकीट काढा. साहेब म्हणाले, मांडीवर घेतो. नागोठणं, वडखळ करत पेणपर्यंत तो आमच्या दोघांच्या मांडीवर. समोरची बाई सारखी बघत होती. शेवटी मीच तिला सांगितलं, सासऱ्यांचा आहे.

पुंडलिक म्हणजे ह्यांचा आयटीआयमधला दोस्त, त्याचा गणपतीचा कारखाना आहे. आत सगळीकडे पांढरे, रंग न लागलेले गणपती. मूर्तीची चीर बुजवतात तशीच त्याने डॅशबोर्डची बुजवली. आकडे लिहायला जनीबाई बसली. एरवी ती गणपतीचे डोळे आखते. श्वास धरून तिने एकेक आकडा काढला, आम्हीही श्वास धरून उभे.

तेवढ्यात पुंडलिकचा रंग मारायचा कंप्रेसर बंद पडला. साहेब एसीचे कारागीर, कंप्रेसर म्हणजे ह्यांच्या हातचा खेळ. बाह्या सरसावून बसलेच! पुंडलिक म्हणाला, "असा मानूस पेनला नाय म्हनून आमी पनवेलला फोन करतो." साहेब स्क्रू आवळत राहिले. मी मात्र येताना एसटीत मनातल्या मनात मांडे खात होते.

१५ एप्रिल

ऊन नुसतं भाजतंय. गावातल्या नव्या बिल्डिंगमधून दोन फोन — एसी बघाल का? पुंडलिकनेच नंबर दिला असणार. साहेब जाऊन आले. परत आले ते गुणगुणत! आता वरणभात वाढते आणि गप्प बसते. माझ्या बोलण्याने दृष्ट लागायची.

१८ एप्रिल

वायरिंग नवी झाली, जुन्या वायरी बघून नव्यांनाही मी तशाच गाठी बांधल्या. डॅशबोर्ड रंगून आला, काळा, चकचकीत. फक्त परत बसवायचा. म्हणजे दोन दिवसांत गाडी तयार. आणि गाडी झाली की ह्यांना इथे काय उरलं?

इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगू. मीटरच्या मागे केबल धरून ठेवणारा एक छोटा पितळी नट असतो. त्याच्याशिवाय काटा हलत नाही. साहेब नमाजला गेले तेव्हा तो ताटलीतून उचलला आणि माझ्या बटणांच्या डब्यात टाकला.

१९ एप्रिल

शोधाशोध. शेड झाडली, सीटा काढल्या. मीही शोधल्यासारखं केलं. लाज वाटली. पण आजचा दिवस गेला ना!

२१ एप्रिल

अजून शोधतायत. त्या नव्या बिल्डिंगमधून परत फोन आला, गेले नाहीत. जेवले नाहीत. दुपारी शेडच्या उंबऱ्यावर बसले होते, हात मांडीवर पालथे टाकून. मी पाणी घेऊन गेले.

"तिकडे येवढे एसी खोलतो," म्हणाले, "एक स्क्रू हरवत नाय. हितं आपल्या घरात हात चालत नाय माजा. माजी जागा तिकडंच हाय गो. बरा हाय, तिकीट हाय."

मी पाणी तसंच ठेवून आत आले. काय करून बसले मी! थांबवायला गेले आणि मीच ह्यांना ढकलत होते. स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले.

२२ एप्रिल

सकाळी चहाच्या बशीत नट ठेवला. आधी वाटलं, झाडताना सापडला म्हणू. पण मग आपला हात घरात चालत नाही हेच ह्यांच्या डोक्यात राहिलं असतं.

म्हटलं, "हरवला नव्हता. मी लपवलेला."

साहेबांनी नटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी झाली की तुमी जानार," म्हटलं. "म्हनून."

पंचवीस वर्षांत न बोललेलं एवढंच बाहेर पडलं. साहेबांनी चहा संपवला. नट उचलून शर्टाच्या खिशात टाकला आणि शेडमध्ये गेले. रागावले की काय, काही कळेना. मी क्लासच्या मुलीचं ब्लाऊज उलटं शिवलं. मग हाक आली, नेहमीसारखीच — टॉर्च धर गो.

दिवसभर मागे हात घालून मी गाठी मोजत होते, हे वायरी लावत होते. नटाबद्दल एक शब्द नाही.

२३ एप्रिल

दिवे लागले! हॉर्न वाजला! शेजारच्या कोंबड्या उडाल्या, क्लासच्या मुली बाहेर धावल्या. साहेबांनी हॉर्नवरून हात काढलाच नाही. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले, बराच वेळ. अब्बांसाठीच ते. मी मुलींना आत पिटाळलं.

२९ एप्रिल

पेणला पासिंग झालं. काटा हलतो. जनीबाईच्या आकड्यांवरून सरसर चढतो! येताना पुंडलिककडे पेढे दिले. त्याने साहेबांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. काय ते मला कळलं नाही, आणि विचारायचं नाही असं ठरवलंय. बोलायचं ते बोलून झालं. परत परत म्हणून माणूस थांबत नसतो.

१ मे

कुवेतहून मॅनेजरचा फोन. साहेब हो हो म्हणत होते.

३ मे

बॅग भरली. लोणचं, सुके बोंबील, आंबावडी, नेहमीचंच. दर वेळी भरते तेव्हा घाईत असते, म्हणून जमतं. या वेळी घाई नव्हती.

साहेब म्हणाले, विमानतळावर आपल्याच गाडीने जाऊ. तमीमने रजा टाकलीय. डोलवीच्या फाट्यावर तो गाडीत बसणार, आणि परत येताना तोच चालवणार. मला तर गाडी चालवता येत नाही.

मला ह्यांनी जाऊ नये असं वाटतं. फार वाटतं. पण गाडी चालू झाली, ह्यांचा चेहरा खुलला, हे काही थोडं नाही. तेवढं तरी ह्यांच्याबरोबर जाईल.

४ मे

घरी. दिवेलागण झालीय.

डोलवीच्या फाट्यावर तमीम उभा होता, नवा शर्ट घालून. साहेबांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाले, "तू कामावर जा." तो बघतच राहिला. साहेबांनी गियर टाकला.

म्हटलं, अहो, तुम्ही विमानात बसलात की मग गाडी परत कोण आणणार?

"मीच."