पानवाला माल

४ फेब्रुवारी, वापी
गोण्या वाहायच्या सुटल्या. आजपासून छपाईवर. शेतात बेडवर, म्हणजे उंच वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, त्याच्या काठावर हिरवं पान छापायचं, खाली 'मातीत आपोआप मिसळतो'. सकाळी बिनपानवाला माल, दुपारून पानवाला. प्लास्टिकचा दाणा तोच, मशीन तेच. मी फक्त छपाईचा रोलर बदलतो.

९ फेब्रु.
गावाहून नानांचा, वडिलांचा फोन. गेल्या साली दोंडाईच्याच्या दुकानातून पानवालाच नेला होता. पोराच्या कंपनीचा म्हणून दुसऱ्याला हात लावला नाही.
"मिरची सरनी आते. तुनी कंपनीना कागद शे, वढानं कामच नई. रोटावेटर फिराई देसूत."
म्हणजे पेपर न काढता ट्रॅक्टरनं मातीतच कालवून टाकायचा. दरवर्षी फाटका पेपर ओढून ओढून आईची बोटं चिरतात. ती मागं हसत होती. खूश.
मी हां म्हटलं.

१० फेब्रु.
मामाला विचारलं. मामा लाइनवर सुपरवायझर, त्यानंच मला इथं चिकटवलं. राहतो पण त्याच्याच खोलीत.
"मामा, खरंच मिसळतो का?"
"मिसळस ना. उन्हमा तुकडा व्हतस, मातीमा दडी जातस. दिसनं नई म्हंजे मिसळनं."
हसला. मग हसणं थांबवून, "तुले मी आनेल शे आठे. मनं नाव शे."


१३ फेब्रु.
कंपनीच्या मागं टाकीसाठी जेसीबी लावलाय. तिथं पूर्वी खराब माल पुरायचे. बादलीभर मातीत पट्ट्याच पट्ट्या. एक नळाखाली धरली. पान जसंच्या तसं. हिरवंगार.
आमच्या मिरचीचं रान आठवलं. त्यात रोटावेटर फिरला तर हे तुकडे वेचणार कोण, आणि किती पिढ्या

१५ फेब्रु.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तू खान्देशचा ना? तुझ्या भाषेत बोल, जाहिरातीचा व्हिडिओ करायचाय." मामानं स्वतःचा इस्त्रीचा शर्ट घातला मला. हातात रोल दिला.
"राम राम भाऊहोन. हाऊ कागद मातीमा मिसळी जास."
एका दमात झालं. साहेबांनी टाळी वाजवली. मामानं पाठीवर थाप मारली. नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर हेच निघालं.

१८ फेब्रु.
जिन्याखाली जाऊन नानांना फोन लावला. म्हटलं, रोटावेटर नका फिरवू, हातानं काढा.
"तुना व्हिडिओ बठ्ठा गावनी देखा. तठे म्हनस मिसळी जास, नि माले म्हनस वढी काढा. खरं काय शे बेटा?"
सांगणारच होतो. मामा आंघोळ करून शेजारच्या न्हाणीतून बाहेर आला, टॉवेल झटकत.
"नाना, मंग करतो," म्हटलं. ठेवला.
मंग कधी?

२० फेब्रु.
सुट्टी. कुठं जावंसं वाटेना, पडून राहिलो. आईनं मोबाइलवर आवाज भरून पाठवलाय. ट्रॅक्टर येऊन बांधावर उभा. नानांनी थांबवून ठेवलाय, पोऱ्याचा फोन येईस्तोवर रानात घालायचा नाही. ट्रॅक्टरवाला बोंबलतोय, त्याला दुसरीकडं जायचंय. व्हिडिओ बघून गावातली अजून दोघं आलीत, नाना काय करतात ते बघून आपलं ठरवणार.
मामा समोरच्या खाटेवर, दाढी करतोय. आरशात मी दिसतो त्याला.
फोन वाजतोय. नाना.
"उचल ना रे," मामा म्हणतो, "कोन शे?"