आईची हयगय

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस इतका चांगला गेला की नवी वही सुरू केल्यावाचून राहवले नाही. कात्रपमधली माझी खोली लहान आहे, पण खिडकीचा कट्टा रुंद असल्याने जुन्नरहून आणलेली सगळी पुस्तके त्यावर मावली. कचेरी अंबरनाथला, दुसऱ्या मजल्यावर. बालमृत्यू चौकशी कक्ष असे तिचे नाव. धडधाकट तान्हे बाळ निजले आणि उठलेच नाही, अशा मृत्यूंची कागदपत्रे येथे येतात. नवे परिपत्रक मी दोनदा वाचले. अधिकाऱ्याने दोन दिवसांत घरी जावे, बाळ कुठे आणि कसे निजवले होते ते पाहावे, आईचे म्हणणे ऐकून घ्यावे, तिला दोष देऊ नये, कारण सापडले नाही तर ‘अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे आणि अहवाल आईला वाचून दाखवावा. किती माणुसकीने लिहिले आहे! माझे काम अहवालांच्या स्वच्छ प्रती करण्याचे. माझे अक्षर छापल्यासारखे असल्याचे राजेंद्र साहेब सर्वांसमक्ष म्हणाले. लाजेने मला मान वर करता आली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेब कोणाच्याही घरी जात नाहीत. आरोग्यसेविका सुनंदाताई फोनवर नाव, वय, गाव सांगतात. साहेब तळाशी सही ठोकून कागद माझ्याकडे सरकवतात. कारणाचा रकाना कोराच असतो. धीर करून मी विचारले, तेव्हा खुर्चीत रेलून ते म्हणाले की, अगं टॉपर, सगळं आम्हीच सांगायचं तर तू बोर्डात आलीस कशाला, लिही काहीतरी भारी. सगळे हसले. माझे कान तापले.

‘अज्ञात’ लिहिणे म्हणजे उत्तर येत नाही अशी कबुली, असे मला वाटले. परीक्षेत मी तशी कबुली कधी दिलेली नाही. जुन्या फायलींतली विस्कळीत वाक्ये चाळून मी एक आटोपशीर वाक्य जुळवले : ‘दूध श्वासनलिकेत गेल्याने मृत्यू, आईची हयगय.’ साहेबांनी ते मोठ्याने वाचून, याला म्हणतात भाषा, अशी पावती दिली. संध्याकाळपर्यंत अकरा अहवाल पूर्ण झाले. मला बरे वाटत होते, हे खरे आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल वाचून दाखवल्याची नोंद वरून मागितली गेली, म्हणून साहेबांनी मला धाडले. सुनंदाताईंबरोबर चामटोलीच्या पुढच्या एका वाडीवर गेले. अहवालातली आई, आवडी, माझ्याच वयाची आहे. तिचा मुलगा दोन महिन्यांचा होऊन गेला. दारात तिचा नवरा चांगो आणि सासू वेणूबाई उभी होती. मी खाली मान घालून वाचले. ‘हयगय’ कोणाला कळले नाही. आईचं लक्ष नव्हतं असा अर्थ, असे सुनंदाताईंनी नाइलाजाने सांगितले.

वेणूबाईने कपाळावर हात मारला. आयकलास ना चांगो, मी सांगत व्हते तर सासू खाष्ट, आता सरकारचा कागुद काय खोटा बोलंल? चांगोने कागद घेऊन स्वतः अक्षर अक्षर लावून पाहिला आणि शिमगा झाला की आवडीला कायमची माहेरी सोडीन, असे शांतपणे म्हणाला.

आवडी रडली नाही. ढेकर काढून, उताणा निजवला व्हता, एवढेच तिने सांगितले. तिची चोळी पुढून ओली होती. दूध थांबत नाही, दिवसातून तीनदा घरामागे जाऊन पिळून टाकावे लागते, असे सुनंदाताई कानात कुजबुजल्या.

मग आवडीने मला विचारले की बाय, ह्यो कुनी लिवला?

साहेबांनी, असे मी म्हटले.

तिने पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. ते तिने दोनदा पुटपुटले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कचेरीत आंबूस वास येतो. साहेबांच्या टेबलावर पांढरे थारोळे होते. शिपायाने दोनदा पुसले, ते पुन्हा जमले. साहेबांनी चहावाल्याला शिव्या घातल्या. तो बिचारा सांगत होता की साहेब, तुम्ही तर कोरा चहा घेता. साहेब सारखे खोकत होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा खाऊन साहेब नेहमीप्रमाणे टेबलावर डोके ठेवून पडले. अडीच वाजता मी तीनदा हाक मारली. सही केलेल्या कागदांवर त्यांच्या तोंडातून पांढरी धार ओघळत होती.

मला आनंद झाला. हे वाक्य मी खोडणार नाही. अकरा घरांत त्यांनी पाऊल टाकले नव्हते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शवविच्छेदनाचा निष्कर्ष आला. श्वासनलिकेत दूध. माणसाचे. कोणी मोठ्याने बोलत नाही.

सुनंदाताई वाडीवर जाऊन आल्या. बातमी ऐकून आवडी म्हणाली की मग माझं दूध का थांबत नाही? साहेब नुसती सही करायचे, असे सुनंदाताई तिला सहज बोलून गेल्या. अक्षर आमच्या हर्षदाचं, मोत्यासारखं.

सहज. असे त्या म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी

उशी ओली. जिभेवर गोडसर चव. चूळ भरली तर बेसिनमध्ये पांढरे—

अकराही अहवाल मागून घेतले. ‘आईची हयगय’ खोडून वर ‘कारण अज्ञात’ लिहिले. तोंडातून टपकणाऱ्या दुधात शाई विरघळते. माझे नवे शब्द वाहून जातात, जुने राहतात. सात वेळा लिहिले. जुने तसेच, सुबक.

२६ फेब्रुवारी

लिहिताना घसा भरतो. वाडीवर जाऊन सांगायला हवे. सर्वांसमोर. मी कधी चार माणसांपुढे बोललेले नाही— उद्या.

२७ फेब्रुवारी, दुपार

जावे लागले नाही. त्या आल्या आहेत.

अकराही अहवालांतल्या आया जिन्यावर. एकेका पायरीवर एकेक. भांडत नाहीत. साऱ्यांचे पदर पुढून भिजलेले. सर्वांत पुढे आवडी, माझ्या उंबऱ्यात. खाली चांगो, वेणूबाई. आवडीनेच त्यांना आणले. ती म्हणते की बाय, आता यांच्याम्होरं खरं वाच.

तोंड उघडले. शब्द नाही. दूध आले. हनुवटीवरून, वहीवर—

आवडी वाट पाहते. दया नाही तिच्या डोळ्यांत. का असावी.

चांगोला वाचता येते. हे पान फाडून त्याच्या हाती— श्वास पुरेल तोवर—

चांगो, आवडीने काही केले नाही. बाळ का गेले ते मला माहीत नाही. कोणालाच— तिला घरातून काढू नकोस. ते वाक्य साहेबांचे नव्हते, ते मी